सेल वाढतोय, नफा दिसतोय, तरी सीसी (बँकेचं फिरतं कर्ज, कॅश क्रेडिट) कायम फुल. एजन्सीवाल्यांनो, पैसा जातो कुठं?

तापीकाठचा (चोपडा)

राम राम मंडळी. चोपड्याहून लिहितोय. आमची एफएमसीजीची एजन्सी आहे, दोन मोठ्या कंपन्या साबण-तेल-पेस्टवाल्या आणि एक इथलाच लोकल बिस्किटवाला. वडिलांनी सुरू केली, मी काही वर्षांपासून बघतोय. शहर आणि अडावद, धानोरा, लासूर, चहार्डी, हातेड असं सगळं धरून साडेतीनशे दुकानं आहेत. वर्षभरात सेल चांगला वाढला, एएसएम (कंपनीचा सेल्स मॅनेजर) खूश, वडील पण खूश, सीए म्हणतो नफा आहे. पण माझं काय होतंय की सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे मोबाईलवर सीसीचा बॅलन्स बघायचा आणि तो ३९ लाख ६० हजार नाहीतर ३९ लाख ८० हजार वापरलेला, लिमिट ४० लाख. कंपनीचं आरटीजीएस गुरुवारी करायचं तर बुधवारी संध्याकाळपर्यंत तिन्ही सेल्समनला फोन करून करून वसुली गोळा करतो, कमी पडली तर बायकोच्या दागिन्यांवर काढलेल्या लोनला टॉप-अप. ८ लाख सोनंतारण आणि ५ लाख भिशीचे असे १३ लाख बाहेरचे झालेत.

आता दोन गोष्टी समोर आल्यात. एक फायनान्सवाला मागं लागलाय की १५ लाख देतो, काही तारण नको, महिन्याला फक्त दीड टक्का, २४ हप्ते. आणि दुसरं म्हणजे अजून एक कंपनी एजन्सी देतेय, डिपॉझिट नाही पण १२ लाखाचा ओपनिंग स्टॉक उचलावा लागेल, म्हणतात महिन्याला २० लाखाचा सेल पक्का. माझं गणित असं की १५ लाख घेऊन नवीन एजन्सी टाकली की तिच्या नफ्यातून हप्ता निघेल. बरोबर आहे का? घरात विचारलं तर वडील म्हणतात धंद्यात असं चालतंच.

पांझरा_जुना (धुळे)

घेऊ नको. दोन्ही घेऊ नको. पण नुसतं मी म्हणतो म्हणून नको, आधी आकडे टाक. महिन्याचा सेल किती, गोडाऊनमध्ये माल किती, बाजारात उधारी किती आणि त्यातली तीन महिन्यांच्या वरची किती, कंपनीला देणं किती, कंपनीकडं क्लेम किती अडकलाय, आणि सगळा खर्च जाऊन हातात काय राहतं. बॅलन्स शीट नको टाकू, ती ३१ मार्चची असते आणि ३१ मार्चला सगळ्यांचीच चांगली दिसते.

तापीकाठचा

टॅली उघडून बसलोय दादा. महिन्याला खरेदीच्या भावानं ६० लाख, मागच्या वर्षी ह्याच वेळेला ४८ होता. माल ४४ लाखाचा. बाजारात ६२ लाख, त्यातले ८ लाख जुने, ९० दिवसांच्या वरचे. मोठ्या कंपन्या ७ दिवसच देतात, त्यांचे ९ लाख देणं आणि बिस्किटवाल्याचे ५, त्याला आम्ही ६०-७० दिवस लावतो, गरीब माणूस आहे, बोलत नाही. क्लेम साडेतीन लाख, स्कीमचे आणि एक्सपायरी-डॅमेजचे. वरून जीएसटीचं क्रेडिट अडीच लाख पडून आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शॅम्पू, पेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं तेव्हा गोडाऊनमध्ये १८ नं घेतलेला माल होता तो ५ नं विकला, फरक पोर्टलवर लटकलाय. त्याचा रिफंड नाही म्हणे, पुढच्या टॅक्समध्ये वळवायचा, पण आमचा निव्वळ भरणाच महिन्याला १५-२० हजार, वर्ष जाईल तो संपायला.

मार्जिन सरासरी ५ टक्के म्हणजे ३ लाख. तीन सेल्समन, दोन टेम्पो, डिझेल, भाडं, ऑपरेटर मिळून पावणेदोन. सगळं व्याज ४५ हजार. घरखर्च ५०. राहतात ३० हजार.

पांझरा_जुना

आता बघ. ६० लाख महिना म्हणजे रोजचा २ लाखाचा माल. सगळं दिवसांत मोज, रुपये विसर. माल २२ दिवसांचा, उधारी ३१ दिवसांची, क्लेम आणि जीएसटी मिळून ३ दिवस, झाले ५६. कंपन्यांकडून तुला सरासरी मिळतात ७. म्हणजे ४९ दिवस तुझा पैसा बाहेर फिरतो. ४९ गुणिले २ लाख, ९८ लाख. तुझी सीसी ४०, बाहेरचे १३, म्हणजे तुमचं स्वतःचं भांडवल ४५ च्या आसपास असणार. बरोबर ना?

आता तुझा प्रश्न, पैसा जातो कुठं. मागच्या वर्षी रोजचा माल १ लाख ६० हजाराचा होता, आता २ लाखाचा. दिवस तेच ४९ धरले तरी रोजचे ४० हजार जास्त गुणिले ४९ म्हणजे १९ लाख ६० हजार रुपये नुसत्या सेल वाढल्यानं बाजारात आणि गोडाऊनमध्ये जाऊन बसले. आणि तू वर्षात मागं टाकले किती? ३० हजार महिना, ३ लाख ६०. बाकीचे १६ लाख कुठून आले? १३ तुझ्या बायकोच्या दागिन्यांतून आणि भिशीतून, उरलेले सीसीतून. चोरी नाही, तोटा नाही, सीए खोटं बोलत नाही. तुझा नफा गोदरेजच्या कपाटात नाही भो, तो अडावदच्या दुकानदाराच्या फळीवर साबणाच्या वड्या होऊन बसलाय.

मग नवीन एजन्सी. २० लाखाचा सेल ह्याच हिशेबानं चालवला तर १२ लाखात नाही होत, ३२-३३ लाख लागतील. ओपनिंग स्टॉकचे १२ दिसतात, कारण तेवढेच एएसएम सांगतो. उधारीत किती जाणार ते त्याला सांगायचं नसतं, त्याचं प्रायमरी (कंपनीकडून तुला विक्री) झालं की त्याचं काम झालं. महिनाअखेरीला २८-२९ तारखेला फोन येतो ना, भाऊ तेवढी एक गाडी घ्या टार्गेटला कमी पडतंय, ती गाडी म्हणजे तुझे ४-५ दिवस वाढले. माझ्याकडं एकदा पाऊस सुरू झाल्यावर टाल्कम पावडरची अशी गाडी उतरवली होती, पुढच्या मार्चपर्यंत बसलो होतो तिच्यावर.

फायनान्सचं पण बघ. १५ लाखावर महिना दीड टक्का म्हणजे २२,५०० व्याज, आणि मुद्दल २४ भागात ६२,५००. हप्ता ८५ हजार. तुझ्याकडं राहतात ३०. आणि हे व्याज शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण १५ लाखावर लावणार, मुद्दल तू फेडत आलास तरी. घटत्या शिलकेवर काढलं तर १८ नाही, वर्षाला ३१ टक्क्यांच्या आसपास पडतं. त्याहून वाईट म्हणजे माल आणि उधारी काही दोन वर्षांत संपत नाहीत, ती रोज लागणारच, पण हा पैसा मात्र दर महिन्याला धंद्यातून निघून जाणार. फिरत्या पैशाला फिरतंच कर्ज पाहिजे. हप्त्याचं कर्ज टेम्पोला घ्यावं.

काळी_माती (अमळनेर)

दादा तुमनं बरं शे, तुमना साबण रोज इकास, मनं बियाणं वरीसमा एकदाच. मी कृषी केंद्रवाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये बियाण्याच्या बुकिंगचे पैसे कंपनीला ॲडव्हान्स, २०२५ ला बीटी कापसाचं पाकीट ९०१ रुपये होतं, ते जूनमध्ये जातं, त्यातलं अर्धं नगदी नि अर्धं उधार, मग खत, मग फवारणी, जुलै-ऑगस्टमध्ये उधारी इतकी वाढते की दुकानात पंख्याखाली बसून घाम येतो. पैसा कधी? कापूस विकल्यावर. २०२५ च्या ऑगस्टात कापसावरचं आयात शुल्क काढलं, बाजारात भाव पडला, शेतकऱ्यानं हमीभावासाठी (तेव्हा लांब धाग्याला क्विंटलला ८११०) कापूस घरात ठेवला, पण सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) द्यायचा तर ॲपवर नोंदणी करा, स्लॉट घ्या, नंबर येईपर्यंत थांबा. दरवर्षी दिवाळीनंतर येणारी वसुली त्या हंगामात संक्रांत झाली तरी अर्धी बाकी होती.

तुमच्या गावातला किराणावाला तरी कोणाच्या पैशावर चालतो, ह्याच शेतकऱ्याच्या ना. म्हणून सांगतो तुमचे ३१ दिवस सगळीकडं सारखे नसणार. अडावद-धानोरा केळीचा पट्टा, तिथं घड कापला की पैसा येतो, वर्षभर थोडाथोडा. कोरडवाहू कापसाच्या गावात जुलै ते दसरा दुकानदाराच्याच गल्ल्यात काही नसतं, तुम्ही किती फोन केले तरी तो कुठून देणार. आम्ही गावनिहाय उधारीची मर्यादा ठेवतो, दुकाननिहाय नाही. पोळ्याच्या आधी कापूसवाल्या गावात उधार वाढवायची नाही म्हणजे नाही.

(खताचं तर बोलतच नाही. खतासोबत दुसरी बाटली गळ्यात बांधतात ते वेगळंच रडणं आहे, त्यावर दुसरा धागा काढतो.)

निवृत्त_लेजर (जळगाव)

३३ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात, म्हणून चार शब्द. तापीकाठचा यांनी लिहिलंय त्यात मला सगळ्यात जास्त खटकलं ते सीसी कायम ३९ लाख ८० हजारावर असणं. सीसी खात्यात पैसा यायला-जायला पाहिजे, तुमचं खातं म्हणजे टर्म लोन होऊन बसलंय. महिनाअखेरीला ३५ हजाराच्या आसपास व्याज पडत असेल, त्या दिवशी लिमिटच्या वर जात असणार. दोन-चार दिवसांत खाली आणता तोवर ठीक. पण खातं सलग ९० दिवस लिमिट किंवा डीपीच्या (माल-उधारी बघून बँक काढते ती मर्यादा) वर राहिलं, किंवा ९० दिवसांत जमा झालेली रक्कम व्याजाला पण पुरली नाही, तर एनपीए (थकीत कर्ज). त्याच्या आधीच ३० दिवस ओलांडले की एसएमए (थकण्याच्या वाटेवरचं खातं) म्हणून नोंद होते आणि मग दुसरी कुठलीही बँक दारात उभं करत नाही. स्टॉक स्टेटमेंट पण वेळेवर द्या, तीन महिन्यांपेक्षा जुन्या स्टेटमेंटवर डीपी धरलेला असेल तर ते खातं अनियमितच समजतात.

डीपी तुमचा प्रश्न नाही. ४४ चा माल, त्यातून देणं १४ वजा, राहिले ३०, त्यावर २५ टक्के मार्जिन (तुमचा स्वतःचा हिस्सा) सोडून साडेबावीस. उधारीत ९० दिवसांच्या वरचे ८ बँक धरणारच नाही, राहिले ५४, त्यावर समजा ४० टक्के मार्जिन, ३२ लाख ४०. एकूण ५५ च्या जवळ आणि लिमिट ४०. म्हणजे लिमिट वाढवून मागायला जागा आहे. ५ कोटींपर्यंतच्या लिमिटला टर्नओव्हर पद्धत असते, वर्षाच्या अंदाजित सेलच्या २० टक्के बँक, ५ टक्के तुमचे. ७ कोटी २० लाखाचे २० टक्के म्हणजे १ कोटी ४४, पण ते हिशेब तीन महिन्यांचं चक्र धरून आहेत, तुमचं दोन महिन्यांच्या आत आहे, त्यामुळं तेवढं मिळणार नाही आणि मागू पण नका. ५३-५५ मागा, तेवढं तुमच्या कागदांवर उभं राहतं. तारण कमी पडत असेल तर सीजीटीएमएसईचं (कर्जाला सरकारी हमीची योजना) विचारा, उद्यम (छोट्या धंद्यांची सरकारी) नोंदणी लागेल. आणि सगळी वसुली त्याच खात्यात फिरवा. हल्ली दुकानदार क्यूआरवर देतात आणि क्यूआर कुणाच्या तरी सेव्हिंगला जोडलेला असतो, मग बँकेला दिसतो ४ कोटींचा सेल आणि तुम्ही सांगता ७.

२०२५ मध्ये रेपो (रिझर्व्ह बँकेचा दर) साडेसहावरून सव्वापाचवर आला. तुमची सीसी रेपोशी जोडलेली असेल तर दर किती उतरला ते पासबुकात बघा, नसेल उतरला तर रिन्युअलला बोला. गप्प बसणाऱ्याला कोणी आपणहून देत नाही.

कंपनीच्या मार्फत चॅनल फायनान्स मिळतो का तेही विचारा. बँक कंपनीला थेट पैसे देते, तुम्हाला ३०-४५ दिवस मिळतात, दर सीसीच्या आसपास असतो. पण तारीख चुकली की कंपनी बिलिंग बंद करते, तिथं भिशीसारखं पुढच्या आठवड्यात देतो चालत नाही.

दाणाबाजार_गप्पा

एवढं डोकं लावण्यापेक्षा एजन्सी विका, ४५ लाखाची एफडी टाका, भरीत-भाकरी खा, झोपा. ५ टक्के मार्जिनमध्ये साडेतीनशे दुकानं, काय मिळतं राव.

तापीकाठचा

@दाणाबाजार_गप्पा आयडिया माझी पण तीच होती, पण ४५ लाख बाजारातून वसूल करायलाच दोन वर्षं लागतील 😄

@पांझरा दादा ते १९ लाख ६० हजाराचं गणित वडिलांना वहीवर काढून दाखवलं, ते दहा मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले चहा टाक. फायनान्सवाल्याला नाही म्हणून सांगितलं. पण उधारी कमी कशी करू? दुकानदार म्हणतो दुसरा डीबी (डिस्ट्रिब्युटर) ४० दिवस देतो, तू नाही दिलं तर त्याचा माल ठेवतो. रोख देणाऱ्याला १ टक्का सूट द्यावी असं वाटतंय.

पांझरा_जुना

१ टक्का सरसकट नको. तुझ्या ५ मधला १ म्हणजे पाचवा हिस्सा गेला. जो आत्ता पण आठ दिवसांत देतो तोच आधी सूट घेणार आणि ४० दिवसवाला हसणार. सूट द्यायची तर फक्त मोठ्या दहा-पंधरा जणांना, जे आज ३०-३५ दिवसांनी देतात आणि माल उतरवतानाच यूपीआय मारायला तयार आहेत, त्यांच्यापुरतं परवडतं.

बाकी ठिकाणी बिल टू बिल लाव, मागचं बिल मिटल्याशिवाय पुढचं निघणार नाही, सॉफ्टवेअरमध्येच लॉक टाक म्हणजे सेल्समनला पण सांगता येतं की साहेबांनी नाही, कॉम्प्युटरनं अडवलं. एकदम ३१ वरून १५ वर जाऊ नको, २४ ठरव. एक दिवस म्हणजे २ लाख. ७ दिवस कमी झाले की १४ लाख, म्हणजे तुझं सोनं पण सुटलं आणि भिशी पण.

आणि वसुलीची फेरी आठवडेबाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लाव. आमच्याकडं साक्री लाइनला वर्षानुवर्षं बाजाराच्या आदल्या दिवशी माल आणि वसुली एकत्रच चालायचं, दुकानदार म्हणायचा उद्या बाजार आहे, माल टाकून जा, पैसे पुढच्या खेपेला. आता माल आदल्या दिवशी आणि पैसे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ९ च्या आत, तो गल्ला मोजत असतो तेव्हाच. ह्या एका बदलानं त्या लाइनचे ५-६ दिवस उतरले.

अजून एक, हे माझ्या अंगाशी आलेलं आहे. दर महिन्याला दहा-बारा दुकानदारांना स्वतः फोन करून बाकी विचार, सेल्समनला न सांगता. माझ्याकडं चांगला सहा वर्षं जुना पोरगा होता, घरचाच झाला होता, ११ दुकानांची वसुली मिळून १ लाख ८० हजार त्यानं स्वतःकडं फिरवले. ह्याचे त्याला, त्याचे ह्याला. दिवाळीत एक दुकानदार बोनसची मिठाई घेऊन आला आणि सहज म्हणाला शेठ आपलं खातं नील झालं बरं का. माझ्या वहीत त्याच्या नावावर २३ हजार. मिठाई तशीच राहिली.

भुसावळ_सीए

उशिरा आलो, दोनच मुद्दे. पहिला तो बिस्किटवाला, गरीब आहे, बोलत नाही वगैरे. तो उत्पादक आहे आणि उद्यममध्ये सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेला असेल तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसला तर १५. ३१ मार्चला त्यापेक्षा जुनं बिल थकलेलं असेल तर आयकराच्या नियमानं (जुन्या कायद्यात ४३बी(एच)) तो खर्च यंदा मिळत नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. त्या ५ लाखातलं जेवढं असं थकलेलं तेवढं उत्पन्नात वाढून टॅक्स बसला की तुमच्या राहिलेल्या ३० हजारांचं काय होईल बघा. शिवाय त्यानं मागितलं तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, महिन्याच्या चक्रवाढीनं. तुम्ही उलट दुकानदारांवर हाच कायदा लावू म्हणाल तर जमत नाही, ट्रेडरला उद्यम नोंदणी बँकेच्या कर्जापुरतीच आहे.

दुसरं, जुने ८ लाख. चेक दिलेले असतील तर तारखेपासून ३ महिन्यांत बँकेत टाका, ड्रॉवरमध्ये नका ठेवू. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्याला १५ दिवस, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. एक जरी तारीख चुकली तर १३८ (चेक न वटल्याची केस) उभी राहणं अवघड. बहुतेक जण नोटीस गेल्यावरच देतात. पण वसुलीला २ लाख किंवा जास्त रोख एकाकडून घेऊ नका, आयकर कायद्यात बंदी आहे (जुन्या कायद्यात २६९एसटी).

तापीकाठचा

तीन आठवडे झाले, म्हटलं सांगून टाकावं. लॉक टाकला. पहिल्या आठवड्यात सेल पडला, एएसएमचे रोज फोन. २२ दुकानं रुसली, त्यातली १३ परत आली. उधारी ६२ वरून ५६ वर आलीय, २८ दिवस. सीसी परवा पहिल्यांदा ३६ दाखवत होती, मी दोनदा रिफ्रेश केलं. बिस्किटवाल्याला अर्धे दिले, तो घाबरला, म्हणाला एजन्सी सोडताय का. नवीन कंपनीला दिवाळीनंतर बघू म्हटलं. बँकेत ५४ चा अर्ज दिलाय.

एकच अडचण. जुन्या ८ लाखात सगळ्यात मोठं खातं माझ्या सख्ख्या मेव्हण्याचं, १ लाख ४० हजार, दोन वर्षं झाली. त्याचं लॉक मी टाकलंच नाहीये. वडिलांना माहीत आहे, बायकोला अजून नाही. काय करू?

पांझरा_जुना

जुनं खातं वेगळं काढ, महिन्याला ५ हजार म्हणून लिहून घे, नवीन माल रोखीत दे. आणि बायकोला तूच सांग, तिचे दागिने गहाण आहेत ना, तिच्या भावाकडून वसुली तिच्याइतकी लवकर कोणीच आणणार नाही.

काळी_माती

आखाजीला (अक्षय तृतीयेला) ती माहेरी जाईल तेव्हाच सांगा, आधी नको 😂